पस्तीस नंबरचा रस्ता

"लेफ्ट! लेफ्ट म्हणजे माझं लेफ्ट, जागू, तुझं नाही!"

अनुप पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होता आणि जागृती ट्रेलरच्या मागे, ओक्लाहोमातल्या ट्रेलर-घरांच्या तळावर, बोचऱ्या वाऱ्यात, दोन्ही हात वर करून उभी होती. ट्रेलरचं मागचं चाक सिमेंटच्या पट्टीवरून घसरून चिखलात चाललं होतं. शेजारच्या ट्रेलरच्या खिडकीतला पडदा जरासा बाजूला झाला.

"मी हात दाखवतेय ना! आरशात बघ!"

"आरशात तू दिसतच नाहीस!"

"मग थांब! दिसत नसेल तर थांबायचं असतं, अनुप."

तो थांबला नाही. चाक चिखलात गेलं, पुन्हा वर आलं, आणि चौथ्या खेपेला ट्रेलर कसाबसा सरळ लागला. अनुप खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने दुरून पाहिलं आणि ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारली. "परफेक्ट!" मग घड्याळ बघून म्हणाला, "अगं, पाचला सिद्धेशचा कॉल आहे. तू जरा विजेची वायर जोडून घेशील? मी लॅपटॉप सेट करतो."

जागृतीने मान हलवली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याची तिला खात्री नव्हती.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून निघाल्यापासून ती अशीच होती. खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून. अख्खं मराठी मंडळ निरोप द्यायला आलं होतं. उणे अठरा तापमानात ड्राइव्हवेवर उभं राहून सगळ्यांनी ट्रेलरसोबत फोटो काढले होते. "काका, यू आर अ‍ॅन इन्स्पिरेशन," म्हणाले होते. मिनेसोटाच्या काळ्या हिवाळ्यातून उठून ट्रेलर घेऊन थेट टेक्सासच्या टोकाला, उन्हात जायचं. स्वतःच्या मनाची काळजी घ्यायची. वा! मंडळातल्या नीलांबरीने जागृतीचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "किती लकी आहेस गं. आणि किती खंबीर. अनुपला तू सांभाळलंस म्हणून."

खंबीर. हा शब्द ऐकला की आताशा तिच्या कानशिलात ठोके पडायचे.

जागृती नागपूरची. इंदोऱ्यात वाढलेली. ऊन टाळावं कसं, हे शिकतच मोठी झालेली. मे महिन्यात तिची आई तिच्या फ्रॉकच्या खिशात कांदा घालून द्यायची आणि डोक्याला ओला रुमाल बांधल्याशिवाय घराबाहेर पाठवायची नाही. लग्न होऊन अनुपबरोबर मिनेसोटाला आली तेव्हा पहिला बर्फ पाहून ती लहान मुलीसारखी नाचली होती. त्याला कंपनीत डेटाबेसचं काम होतं. पुढे तिला कामाचा परवाना मिळाला आणि बर्न्सव्हिलच्या बाजूला एका हॉस्पिटलात रक्त काढण्याची नोकरी लागली. पहाटे अंधारात निघायचं, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत लोकांच्या शिरा शोधायच्या आणि दुपारी घरी पोचेपर्यंत आभाळ पुन्हा राखेसारखं झालेलं असायचं.

नोव्हेंबर लागला की तिच्या आत काहीतरी बसायला लागायचं. पहिली काही वर्षं तिला वाटलं, घरची आठवण येत असेल. मग त्यांची मुलगी रेणू तिसरीत असताना तो हिवाळा आला. त्या जानेवारीत एका सकाळी जागृतीला अंथरुणातून उठता आलं नाही. दुखत काहीच नव्हतं. फक्त भिंतीकडे तोंड करून पडून राहावं, एवढंच कळत होतं. आंघोळ नको, बोलणं नको. रेणू दारात उभी राहून "आई?" म्हणायची आणि तिला मान वळवायलाही जमायचं नाही.

अनुपने सगळ्यांना सांगितलं, जागूची पाठ धरलीय. स्लिप डिस्क.

मंडळातल्या बायका डबे घेऊन येऊ लागल्या. गरम पाण्याच्या पिशव्या आल्या. कोणी तरी कमरेचा पट्टाही आणून दिला. मग कोणी भेटायला यायचं असलं की अनुप आधी खोलीत येऊन म्हणायचा, "पट्टा बांधून घे गं, प्लीज." आणि ती उठून बसायची, पट्टा बांधायची, आणि लोक विचारायचे, "आता कसं वाटतंय पाठीला?" ती म्हणायची, "बरंय."

डॉक्टरकडे ती एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, शक्य असेल तर फेब्रुवारीत थोडे दिवस दक्षिणेला जा. तुला उजेड हवाय. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा अनुप हसला होता. वाईट हसला नव्हता. लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसा.

"यार जागू, थंडी सगळ्यांनाच वाजते. इथे राहणारी सगळी माणसं काय वेडी आहेत? आणि हे बघ, ग्रीन कार्डची फाइल आत आहे. असलं काही रेकॉर्डवर नको. कोणाला बोलू नकोस."

ती बोलली नाही. गोळ्या हळदीच्या डब्यामागे ठेवून घेत राहिली. दर हिवाळ्यात आत बुडायची आणि दर हिवाळ्यात पाच वाजता उठून कामाला जायची. ग्रीन कार्ड आलं. नागरिकत्व आलं. रेणू शिकून व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला नोकरीला गेली. दक्षिणेचं नाव पुन्हा निघालं नाही.

आणि मग मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर अनुप रिटायर झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने अख्खा हिवाळा घरात, खिडकीशी बसून काढला. फेब्रुवारीत एका दुपारी ती कामावरून आली तर तो स्वयंपाकघरात अंधारात बसला होता. चहा निवून साय धरलेली. "जागू, मला काहीतरी होतंय," म्हणाला आणि रडायला लागला. "हा अंधार अंगावर येतो गं."

तिने त्याला जवळ घेतलं. त्याच आठवड्यात डॉक्टरची वेळ घेतली. रोज सकाळी त्याला बळेच उठवलं, चालायला नेलं, जेवायला घातलं. कोणत्या वेळी बोलायचं आणि कोणत्या वेळी नुसतं शेजारी बसायचं, हे तिला पाठ होतं. बरं वाटायला लागल्यावर एकदा अनुप म्हणाला, "तुला बरोबर कळतं गं काय करायचं ते. कसं काय?" आणि उत्तराची वाट न बघता टीव्ही लावला.

उन्हाळ्यात ट्रेलर दारात आला. "आपण जायचं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, मला उजेडाची गरज आहे. तू नोकरी सोड." दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने मंडळाच्या स्टेजवर उभं राहून भाषण केलं, विषय 'हिवाळ्याची उदासी आणि आपण'. आपल्या समाजात हे कुणीच बोलत नाही, मी बोलायचं ठरवलं, असं म्हणाला. लोक उभे राहिले. काहींचे डोळे ओले झाले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या जागृतीनेही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांचा तिला अजून राग येत होता.

वायरचा जाड प्लग खांबात बसवून ती उठली. ट्रेलरची छोटी खिडकी बोटभर उघडी होती. आतून आवाज येत होते. सिद्धेश मंडळातला तरुण मुलगा, हौसेने पॉडकास्ट चालवायचा.

"काका, तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं की समथिंग इज राँग?"

"मागच्या जानेवारीत. सकाळी उठावंसंच वाटेना. आपल्या पुरुषांना तर हे बोलायची फारच लाज वाटते, सिद्धेश. पण कोणीतरी सुरुवात करायला हवी ना यार."

"सो ट्रू. आणि काकू? त्यांना कधी विंटरचा त्रास झाला का?"

अनुप हसला. "जागृती? छे छे. ती नागपूरची लोखंडी बाई आहे. इतकी वर्षं अंधारात उठून ड्यूटीला गेली, कधी कुरकुर नाही. तिला असलं काही झालंच नाही. नशीबवान आहे."

जागृती दार उघडून आत गेली. पायात चिखलाचे बूट, हातात कामाचे मोजे. टेबलावर लॅपटॉप होता, आणि त्याच्या मागे, भिंतीवर तिने निघताना लावलेली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर.

"सिद्धेश, रेकॉर्डिंग चालू आहे?"

"हो काकू! या ना, तुम्ही पण जॉइन करा!"

"चालूच ठेव." ती अनुपच्या शेजारी बसली नाही. त्याच्या मागे उभी राहिली. "रेणू तिसरीत होती तेव्हा मी एक महिना अंथरुणातून उठले नव्हते. पाठ धरली नव्हती माझी. तुझ्या आईने मला तेव्हा सांबाराचा डबा आणून दिला होता, तिला विचार. मी तिच्यासमोर कमरेला पट्टा बांधून बसले होते. मला जे झालं होतं तेच आता काकांना झालंय. फक्त मी तेव्हा तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. त्यानंतरही दर हिवाळ्यात होत राहिलं. मी गोळ्या खाऊन लोकांची रक्तं काढत होते."

स्क्रीनवर सिद्धेशचं तोंड उघडंच राहिलं. "काकू... आय हॅड नो आयडिया."

"कशी असणार? काकांनाच नाहीये."

अनुपने लॅपटॉप मिटला.



"हे काय केलंस?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्या पोरासमोर? माझी काय इज्जत राहिली?"

"तुझी?" रागात आली की जागृतीच्या तोंडी नागपूर यायचं. "तुझी इज्जत? कोणाला बनवून राहिला तू, अनुप? मला झालंच नाही म्हणतो? पट्टा कोण बांधायला लावत होता मला?"

"तेव्हा आपण व्हिसावर होतो! एक गोष्ट इकडची तिकडे झाली असती तर दोघांनाही बॅग भरून जावं लागलं असतं. मी घाबरलो होतो गं!"

"मान्य. आणि ग्रीन कार्ड आल्यावर? सिटिझन झाल्यावर? मग कोणाला घाबरत होतास?"

त्याने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू बरी झालीस."

"विचारलंस कधी?"

"तू कामाला जात होतीस. स्वयंपाक करत होतीस. मला काय कळणार?"

"मागच्या वर्षी तू अंधारात बसला होतास तेव्हा मला कळलंच ना? मी विचारलं नसतं तरी कळलं असतं. कारण मी तुझ्याकडे बघत होते."

त्या संध्याकाळी दोघं न बोलता खिचडी जेवले. अनुपने ताटं धुतली. धुण्याचं पाणी कॅनमधून ओतावं लागत होतं, कारण अजून गारठा होता आणि पाइप गोठू नयेत म्हणून नळ बंदच ठेवले होते. त्याने निम्मं पाणी सांडलं. ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ते टेक्सासमध्ये शिरले. अनुप गाडी चालवत होता, जागृती बाहेर बघत होती. रस्त्याकडेचं गवत पिवळं होतं, बर्फ कुठेच नव्हता. तासाभराने तिचं लक्ष एका पाटीवर गेलं. निळ्या ढालीवर लाल पट्टी, त्याखाली पांढरा आकडा. पस्तीस. दक्षिण.

तिने पुढच्या पाटीची वाट पाहिली. तिथेही पस्तीस.

"आपण कधीपासून याच रस्त्यावर आहोत?" सकाळपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

तिने बोलावं याची तो वाट बघत असावा. तो चटकन म्हणाला, "सुरुवातीपासून! दॅट्स द ब्यूटी. घराजवळ चढायचं, सॅन अँटोनिओपर्यंत सरळ. वळायचंच नाही कुठे."

जागृतीने डोळे मिटले. रोज पहाटे ती ह्याच रस्त्यावर चढायची. मिनेसोटा नदीचा पूल ओलांडायची आणि हॉस्पिटलचं वळण आलं की इंडिकेटर देऊन उतरायची. इतकी वर्षं. दक्षिणेकडेच तोंड असायचं गाडीचं. उतरली नसती, नुसती सरळ जात राहिली असती, तरी या उन्हापर्यंत पोचली असती. समुद्र लागत नव्हता मध्ये. विमान लागत नव्हतं, व्हिसा लागत नव्हता. कोणाची परवानगीही लागत नव्हती.

"काय झालं?" अनुपने विचारलं.

"गाडी चालव."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा दुपार होती. मेक्सिकोच्या सीमेजवळचं गाव, ताडांच्या रांगा, संत्र्यांच्या बागा आणि त्यांच्यामध्ये उत्तरेकडून आलेल्या म्हाताऱ्यांचे शेकडो ट्रेलर. जागृतीने पायातले बूट काढले, मोजे काढले, बाहेर खुर्ची टाकली आणि बसली. ऊन तिच्या पायांवर आलं, मांडीवर आलं, तोंडावर आलं. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलंच. त्या बरं वाटण्यानेच ती संतापली. एवढंसंच हवं होतं. एवढंच मागितलं होतं तिने.

पहिला आठवडा बरा गेला. अनुप शेजाऱ्यांमध्ये रमला. सकाळी त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागला. जागृती दिवसभर बाहेर बसायची, शेंगा सोलायची, झोपायची. तिचा चेहरा बदलला, ते तिला आरशात दिसत होतं. दोघांत कामापुरतं बोलणं होत होतं. त्याने एकदा संत्री सोलून तिच्यासमोर ठेवली, बिया काढून. तिने खाल्ली. कदाचित असंच निवलं असतं सगळं.

मग फोनवर नीलांबरीचा मेसेज आला. सोबत सिद्धेशच्या पॉडकास्टची लिंक. 'अनुप किती ब्रेव्ह! आणि तू त्याचा आधारस्तंभ!' खाली बदामांची रांग.

जागृतीने शेवटपर्यंत ऐकलं. लोखंडी बाई होती. नशीबवान होती. त्यानंतर संगीत सुरू झालं.

अनुप चालून आला तेव्हा तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"माझं बोलणं कुठाय?"

त्याने टोपी काढली. "सिद्धेश म्हणाला, फ्लो ब्रेक होत होता."

"सिद्धेश म्हणाला?"

"...त्याने मला विचारलं, ठेवू का. मी म्हटलं, राहू दे. तुझ्या प्रायव्हसीचा प्रश्न होता, जागू. तू रागाच्या भरात बोलली होतीस. उद्या तुलाच—"

"मला विचारलं?"

त्याच्या कपाळावर घाम होता, नाक उन्हाने सोललं होतं. अजूनही अशक्त होता तो, हे तिला दिसत होतं आणि दिसत होतं म्हणून अधिकच चीड येत होती.

"डॉक्टरने तुला सांगितलं, उजेड हवा, तर घराला चाकं लागली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मलाही हेच सांगितलं होतं डॉक्टरने. हेच शब्द. इतके हिवाळे मी काढले, अनुप. तू एक काढ. मग ये आणि कर भाषण."

हे बोलून ती आत गेली. ती रागाने बोलली होती, त्यात आज्ञा नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अनुप चहाचे दोन कप घेऊन आला आणि म्हणाला, "बुधवारचं तिकीट केलंय. जातो मी परत मिनेसोटाला. एक काढतो."

जागृतीने त्याच्याकडे पाहिलं. यातही त्याला थोडं शूर व्हायचं होतं का? असेलही. पण कप ठेवल्यावरही तो तिच्या तोंडाकडे बघत उभाच होता. तो घाबरला होता.

ती म्हणाली असती, वेडा आहेस का, राहा. शब्द ओठापर्यंत आले होते. ते तिने आयुष्यभर तसेच ओठापर्यंत आणून सोडून दिले होते, त्याच्यासाठी, रेणूसाठी, पाहुण्यांसाठी. या वेळी तिने चहा प्यायला.

दुपारी तिने रेणूला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आई, आय न्यू," रेणू म्हणाली. "बाबांनी मला सांगितलं होतं, कोणी विचारलं तर स्लिप्ड डिस्क म्हणायचं. आय यूज्ड टू प्रॅक्टिस इट ऑन द बस. आय वॉज एट."

जागृतीला वाटत होतं, हे ओझं तिने एकटीने उचललं होतं.

"सॉरी गं, पिल्लू."

"यू डोन्ट से सॉरी," रेणू चिडून म्हणाली. आवाज अगदी जागृतीसारखा लागला होता. "यू स्टे देअर. मी जाते बाबांकडे. आय कॅन वर्क फ्रॉम एनीव्हेअर. पण मी त्यांच्याशी बोलणार आहे. अ लॉट."

"बोल," जागृती म्हणाली. "आणि त्याला सकाळी उठव. पडून राहू देऊ नकोस."

बुधवारी तिने त्याला विमानतळावर सोडलं. पिकअप तीच चालवत होती. विमानतळ छोटासा होता, बाहेर ताडाची झाडं, हाफ पँट घातलेली माणसं आणि डोळे दिपतील असं ऊन. अनुपने मिनेसोटाचं जाड जॅकेट घातलं होतं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

"चेन उघड. उकडेल."

"असू दे. उतरल्यावर लागेलच."

तिने त्याच्या हातात गोळ्यांची पिशवी दिली. "जेवणानंतर. उपाशी पोटी घेऊ नकोस."

"हो." तो घुटमळला. "जागू, मंडळात विचारतील, तू का नाही आलीस."

"विचारतील."

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे काय सांगायचं ते."

त्याने मान डोलावली. बॅग उचलली आणि चालू लागला. काचेचं दार आपोआप उघडलं, तरी तो तिथेच उभा राहिला, आत कोणीतरी बोलवावं म्हणून थांबल्यासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंनी उघड्या दंडांची माणसं आत-बाहेर करत होती आणि मध्ये ते फुगलेलं काळं जॅकेट. मग तो आत गेला. काचेवर ऊन होतं, त्यामुळे पुढचं काही दिसलं नाही.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. जागृतीने पिकअप बाहेर काढली. रस्त्याला लागल्यावर तिने काच खाली केली, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात खिडकीवर टेकवला. पत्रा तापला होता. कातडीला चटका बसत होता. तिने हात आत घेतला नाही.